१४. बैठकीत कोण उभं राहिलं

डार्लीन

लिंबं कापता कापता डार्लीननं तो कागद पुन्हा वाचला. ओल्या हातानं धरल्यामुळे त्याचा एक कोपरा मऊ पडला होता.

मी, ल्युसियन ट्रॉसक्लेअर, नदीवर जहाजांना वाट दाखवणारा परवानाधारक पायलट, शपथेवर सांगतो की.

पुढे चार मुद्दे होते. एक, जानेवारीत शिकाऊ पायलट निवडायच्या बैठकीत पायलट-संघाचा अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाला, "या वर्षी एक काळा माणूस घ्यावाच लागेल, नाहीतर वर्तमानपत्रवाले आपल्याला सोलून काढतील." दोन, लेखी परीक्षेत माझ्या मुलाला, ब्लेझला, निवडल्या गेलेल्या मार्लन सिमियनपेक्षा जास्त गुण होते. तीन, संघाच्या नव्वद वर्षांच्या इतिहासात एकाही पायलटच्या मुलाला कधी नाकारलेलं नाही. चार, मी माझ्या मुलासाठी उभा राहिलो होतो.

खाली सहीची रेघ. ती अजून रिकामी होती आणि सोमवारी वकील हा कागद कोर्टात देणार होता. बैठकीत त्या दिवशी असलेल्या पायलटांपैकी दुसरं कुणी तोंड उघडणार नव्हतं. खोलीतलं खोलीत राहतं, हा संघाचा पहिला नियम. ल्युसियनची सही नसेल तर ब्लेझचा दावा पहिल्याच तारखेला निकालात निघेल, असं वकिलानं स्पष्ट सांगितलं होतं.

बाहेर अंगणात ब्लेझ क्रॉफिशची, गोड्या पाण्यातल्या लहान शेवंडांची, पोती नळाखाली धूत होता. गुड फ्रायडे, मांस वर्ज्य, म्हणून दर वर्षीसारखं मोठं पातेलं चुलाण्यावर चढलं होतं. मागच्या नदीच्या बांधापलीकडून एक जहाज प्रवाहाविरुद्ध वर चाललं होतं. बांधाच्या वर फक्त त्याचा पांढरा मजला दिसत होता, शेजाऱ्यांच्या छपरावरून घर सरकत गेल्यासारखा.

"ममा, लिंबं झाली?" ब्लेझ दारात आला. एकोणतीस वर्षांचा, कमरेपर्यंत भिजलेला. "डॅडींनी सही केली का?"

"जेवण होऊ दे."

"दोन आठवडे हेच चाललंय. जेवण होऊ दे, ट्रिप होऊ दे, झोप होऊ दे."

"तुझे वडील कागदावर पटकन सही करणारे नाहीत. लग्नाच्या रजिस्टरवर केली तेव्हासुद्धा फादर दोनदा खाकरले होते."

तो हसला नाही. डार्लीनला परवाची गोष्ट त्याला सांगायची होती, पण सांगितली नाही. परवा पेट्रोल पंपावर तिला मार्लन सिमियन दिसला होता. निवड झाल्यावर त्यानं टगबोटीवरची, जहाजं ओढणाऱ्या बोटीवरची, कप्तानाची नोकरी सोडली होती, आणि ब्लेझच्या दाव्यामुळे कोर्टानं त्याचं शिकाऊपण पहिल्या तारखेपर्यंत थांबवलं होतं. इकडे नाही, तिकडे नाही. भर दुपारी तो पंपाशी उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तिला आधी राग आला. गाडीत बसल्यावर तो उरला नाही, आणि तेच तिला जास्त सलत राहिलं.

तिनं लिंबं पातेल्यासाठीच्या परातीत लोटली, कागद कोरडा करून कपाटाच्या वर ठेवला.

टेबल

*(अंगणातलं लांब टेबल. त्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली. त्यावर लाल क्रॉफिशचा ढीग, मक्याची कणसं, बटाटे, लसणाचे अख्खे गड्डे. बसलेले: म्हातारे अल्सिड, निवृत्त पायलट, ज्यांना सगळे पॉपॉ म्हणतात. त्यांची मुलगी ईव्हेट, ब्लेझची आत्या, जिला तो टांट म्हणतो. मुलगा ल्युसियन. सून डार्लीन. नातू ब्लेझ.)*

पॉपॉ: मीठ कमी पडलंय.

डार्लीन: डॉक्टरांनी सांगितलंय, पॉपॉ.

पॉपॉ: डॉक्टरला क्रॉफिश खायला बोलावलं होतं का?

ईव्हेट: ब्लेझ, कणीस इकडे दे. वकिलाची फी द्यायला टगबोटीवर जास्तीच्या पाळ्या करतोयस म्हणे.

ब्लेझ: करतोय, टांट. कुणी फुकट लढत नाही.

ईव्हेट: आणि दाव्याचं नाव काय ठेवलंय? उलटा वर्णभेद?

ब्लेझ: वकिलाचा शब्द वेगळा आहे. पण हो, तेच. माझ्या रंगामुळे मला नाही म्हटलं, तर त्याला दुसरं काय म्हणायचं?

ईव्हेट: आणि इतकी वर्षं याच रंगाला हो म्हटलं, त्याला काय म्हणायचं?

पॉपॉ: घराणं म्हणायचं.

ईव्हेट: हं. त्या घराण्यात मीही होते. आठवतंय, पॉपॉ? मी ल्युसियनपेक्षा थोरली. टगवर त्याच्या आधी चढले. परवाना त्याच्या आधी काढला.

पॉपॉ: तू बाई माणूस.

ईव्हेट: हे कोर्टात सांगाल का? माझ्या दाव्याला उपयोगी पडेल. चाळीस वर्षं उशीर झालाय, एवढंच.

डार्लीन: ईव्हेट, आज नको गं.

ब्लेझ: बोलू दे, ममा. टांट, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. म्हणून माझ्यावर झालेला चालेल? तो हिशेब माझ्याकडून का चुकता करताय? मी कुणाला नाकारलं? मी सिमियनच्या हाताखाली काम केलंय. माणूस चांगला आहे. मी त्याच्याबद्दल वाईट बोललोय का कधी?

ईव्हेट: नाही. फक्त त्याची नोकरी घालवलीस.

ब्लेझ: माझी जागा होती ती!

पॉपॉ: बरोबर. जागाच होती. आपली.

*(ल्युसियन क्रॉफिश सोलतो. शेपूट मुरडून वेगळी काढायची, डोकं चोखायचं. तो डोकं चोखत नाही, बाजूला टाकतो.)*

पॉपॉ: अरे, सगळा रस फेकतोयस.

ईव्हेट: ब्लेझ, एक सांग. त्या खोलीत काय होतं, तुला ठाऊक आहे?

ब्लेझ: पॉपॉंनी लहानपणी शंभरदा सांगितलंय. नाव पुकारतात. त्याच्यासाठी एखादा सभासद उभा राहतो. मग बाकीचे उभे राहतात. मतपत्रिका, चिठ्ठी, काही नाही. मुलगा असेल तर बाप उभा राहतो आणि सगळी खोली उठते.

ईव्हेट: आणि ज्याचा बाप खोलीत नाही?

ब्लेझ: मग दुसरं कुणी राहतं.

ईव्हेट: नव्वद वर्षांत कुठल्या काळ्या माणसासाठी राहिलं?

*(ब्लेझ लसणाचा गड्डा हातात घेतो, दाबतो, खात नाही.)*

ईव्हेट: तुझ्या वकिलाचा तिसरा मुद्दा मी वाचला. एकाही पायलटच्या मुलाला कधी नाकारलेलं नाही. हा तुझ्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिलाय त्यानं? शुद्धीवर होता ना?

पॉपॉ: पुरावाच आहे. नव्वद वर्षं रीत चालली, आणि एक काळा आला त्या वर्षी मोडली. अजून काय पाहिजे?

सराव

जेवण झाल्यावर वर्तमानपत्रं सालींसकट गुंडाळली गेली. ब्लेझनं फोन काढला. वकिलानं काही प्रश्न पाठवले होते. कागदावर सही झाली की समोरचा वकील ल्युसियनला बसवून हेच विचारणार, म्हणून आधी घरी म्हणून बघा, असं त्यानं सांगितलं होतं. ब्लेझ एकेक वाचू लागला.

तुमचं नाव?

संघात किती वर्षं आहात?

तुमच्या वडिलांचं नाव? तेही पायलट होते? त्यांचे वडीलही?

जानेवारीच्या बैठकीला तुम्ही हजर होता?

अध्यक्ष वर्तमानपत्रांबद्दल काही बोलले का? काय बोलले? नेमके शब्द?

इथपर्यंत ल्युसियननं नीट उत्तरं दिली. अध्यक्ष ते वाक्य बोलले होते. त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. ब्लेझनं मूठ आवळून टेबलावर हलकेच आपटली, फुटबॉलमध्ये आपली बाजू पुढे सरकल्यावर आपटावी तशी.

मार्लन सिमियनचं नाव पुकारल्यावर कोण उभं राहिलं?

अध्यक्ष स्वतः.

बाकीचे?

हळूहळू.

तुम्ही?

ल्युसियननं मान हलवली. नाही.

ब्लेझ सिमियनला निवडणं चुकीचं आहे असं तुम्हाला वाटलं, म्हणून?

ल्युसियननं हात पुसायला कागदी रुमाल घेतला. मिरचीनं त्याची बोटं लाल झाली होती. "हा प्रश्न नीट लिहिलेला नाही," तो म्हणाला. "ब्लेझ सिमियन नावाचं कुणी नाही."

"चुकून जोडलं गेलं असेल. माझं नि त्याचं नाव. पुढचा घ्या."

तुमच्या मुलाचं नाव पुकारल्यावर कोण उभं राहिलं?

ल्युसियन रुमालानं एकेक बोट पुसत राहिला.

तुमच्या मुलाचं नाव पुकारल्यावर कोण उभं राहिलं?

"डॅडी, इथे फक्त 'मी' म्हणायचंय."

ल्युसियन

ऑक्टोबरातली गोष्ट. वरच्या धरणांनी पाणी सोडलं होतं, नदी फुगलेली. धान्याचं जहाज, पूर्ण भरलेलं, खाली समुद्राकडे चाललेलं. अर्जदारांना पायलटबरोबर जावं लागतं, बघायला. म्हणून ब्लेझ बरोबर होता. जहाजाच्या सुकाणू-कक्षात कप्तान चहा पीत होता आणि सुकाणूवर एक फिलिपिनो खलाशी.

शहराजवळच्या अल्जिअर्स नावाच्या वळणाआधी ल्युसियन म्हणाला, आता हुकूम तू सांग.

नियमात हे बसत नाही. पण पॉपॉंनीही त्याला असंच एकदा म्हटलं होतं.

पाण्याबरोबर उतरणारं जहाज वळण दिसल्यावर वळवून चालत नाही. वळण दिसायच्या आधी वळवायला लागतं. पाणी शेपटी ढकलतं, नाक शहराच्या धक्क्याकडे जायला बघतं.

ब्लेझ म्हणाला, उजवीकडे दहा अंश.

खलाशी म्हणाला, उजवीकडे दहा.

मग ब्लेझ काही बोलला नाही.

तो स्क्रीनकडे बघत होता. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत असतं. काचेबाहेर धक्क्यावरची माणसं दिसायला लागली होती, फिरायला आलेली, कुणाच्या हातात आईस्क्रीम. खलाशानं सुकाणूवरून मान वळवून एकदा ब्लेझकडे पाहिलं आणि मग ल्युसियनकडे. ती नजर. तिच्यात ना तक्रार होती, ना भीती. कुणीतरी सांगा, एवढंच होतं.

उजवीकडे वीस, ल्युसियन म्हणाला. पूर्ण उजवीकडे. इंजिन पुढे, पूर्ण.

शेपटी धक्क्याला न घासता सुटली. आईस्क्रीमवाल्यांनी हात हलवले.

मी सांगणारच होतो, ब्लेझ म्हणाला.

असेलही. हीच गोष्ट ल्युसियनला हिवाळाभर सोडत नव्हती. कदाचित तो सांगणारच होता. पुढच्या श्वासाला. ल्युसियननं तो श्वास त्याला घेऊ दिला नाही, आणि आता ते कधीच कळणार नव्हतं.

जानेवारीत नाव पुकारलं गेलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी ल्युसियनकडे पाहिलं. मग सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

पॉपॉ

अल्सिडना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून मुलगा बोलायला लागल्यावर त्यांनी खुर्ची फिरवली. वाक्य पूर्ण ऐकल्यावर वाटलं, न फिरवली असती तर बरं झालं असतं.

"काय म्हणालास?"

"मी बसून राहिलो," ल्युसियन म्हणाला. "ब्लेझचं नाव पुकारलं तेव्हा. चौथा मुद्दा खोटा आहे. मी सही करू शकत नाही."

डार्लीनच्या हातातला ट्रे टेबलावर टेकला. "ल्युसियन, तू मला सांगितलंस की तू उभा होतास."

"मी सांगितलं नाही. तू विचारलंस, आणि मी काहीच बोललो नाही."

"नवऱ्याच्या न बोलण्याचा अर्थ बायकोनं काय लावायचा मग?"

ब्लेझ उभा राहिला होता. फोन अजून हातात, प्रश्न अजून उघडा. "अध्यक्षानं तुम्हाला बसवलं," तो म्हणाला. "हेच झालं ना? आधी बाजूला घेऊन सांगितलं असणार. तुझ्या पोराला पुढच्या वर्षी बघू, या वर्षी गप बस. डॅडी, हे तर आणखी चांगलं आहे! हे लिहिलं तर दावा—"

"मला कुणी बसवलं नाही."

"त्यांचा दबाव—"

"ब्लेझ. सिमियनचं नाव त्या यादीत नसतं, तरी मी बसलोच असतो."

अंगणात चुलाण विझवल्याचा वास राहिला होता. अल्सिडनी काठी उचलली, मग ती कशाला उचलली हे न कळून मांडीवर आडवी ठेवली.

"अल्जिअर्समुळे?" ब्लेझ हळू म्हणाला. "त्या एका वळणामुळे?"

"हो."

"मी सांगणार होतो."

"मला ठाऊक नाही."

"मी सांगणार होतो!"

"असेल, बाळा. मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना मी उभा राहू शकलो नाही. त्या धक्क्यावर माणसं होती."

अल्सिड आता बोलले. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. "आणि तू काय होतास रे? तुझं नाव पुकारलं तेव्हा तू काय होतास? आदल्याच वर्षी मालाच्या दोन बार्ज धक्क्यावर घासल्या होत्यास. दारू पिऊन दोनदा पाळी चुकवलीस. मला ठाऊक नव्हतं का? मी उभा राहिलो! कारण मी बाप होतो. तू नंतर शिकलास. नदीच शिकवते. आधी माणसाला आत घ्यावं लागतं, मग तो शिकतो. मी उभा राहिलो म्हणून तू आज पायलट आहेस, आणि पायलट आहेस म्हणून आज बसून राहू शकतोस!"

"अगदी बरोबर बोललात," ईव्हेट म्हणाली.

अल्सिडनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मुलगी आपल्या बाजूनं बोलली असं वाटून त्यांचं तोंड क्षणभर सैल झालं.

"आधी आत घ्यावं लागतं, मग माणूस शिकतो," ती म्हणाली. "मला कुणी आत घेतलं नाही. सिमियननं चार वेळा अर्ज केला, त्याला कुणी आत घेतलं नाही. म्हणून तो बाहेरच शिकला. सगळं. एवढं की शेवटी अध्यक्षाला सिमियनचं नाव घ्यायची लाज वाटेनाशी झाली."

"अध्यक्षाला वर्तमानपत्राची भीती वाटली!" ब्लेझ ओरडला. "डॅडींनी स्वतः ऐकलंय! ते खोटं आहे का?"

"नाही," ल्युसियन म्हणाला. "ते खरं आहे. ते लिही. त्यावर मी सही करीन."

"आणि चौथा?"

"चौथा नाही."

"चौथा नसेल तर समोरचा पहिला प्रश्न काय विचारेल, ठाऊक आहे ना? स्वतःचा बाप का उठला नाही. मग तू काय सांगणार? शपथेवर?"

ल्युसियननं मुलाच्या तोंडचा 'तू' ऐकला. "जे इथे सांगितलं तेच."

"म्हणजे माझा परवाना गेला. टगसुद्धा गेला. नदीवर कुणी मला उभं करणार नाही. बापानंच शपथेवर सांगितलं की पोरगा वळणात गोठतो."

"मी गोठतो म्हटलं नाही."

"मग म्हण की नाही गोठत!"

ल्युसियन म्हणाला नाही.

डार्लीन आत गेली होती. ती परत आली तेव्हा कपाटावरचा कागद तिच्या हातात होता. तिनं तो नवऱ्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं. तिचा आवाज शांत होता. अल्सिडना कधी कधी नदी अशी दिसायची, वरून काही हलत नाही आणि खाली सगळं चाललेलं.

"मी तुझ्याशी भांडत नाही," ती म्हणाली. "तू खरं सांगतोयस, मला ठाऊक आहे. पण हा कागद खोलीतल्या लोकांसाठी नाही. ते सगळे गप्प बसणार आहेत, नेहमीसारखे. तुझ्याविरुद्ध एकजण बोलणार नाही. चौथ्या ओळीनं कुणाचं काय बिघडतं?"

"सिमियनचं," ल्युसियन म्हणाला.

"तो आपला कोण लागतो?"

ल्युसियननं कागद तिच्याकडे परत सरकवला. सही न करता. पेन घरंगळून गवतात पडलं, आणि ते उचलायला कुणी वाकलं नाही.

अल्सिड उठले. काठी टेकत ल्युसियनसमोरून गेले, डार्लीनच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले, आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. तीस वर्षांत त्यांनी तो कधी ठेवला नव्हता. "मुली," ते म्हणाले, "या घरात मी असेपर्यंत तरी तुझ्या पोरासाठी कुणीतरी उभं राहील." मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

ईव्हेट

पातेलं घासायला ती नळाशी आली तेव्हा ब्लेझचा ट्रक अजून फाटकाशीच होता. दार उघडं, एक पाय बाहेर. तिला वाटलं, रडतोय. ती हात न पुसताच पुढे गेली. त्याच्या बाप्तिस्म्याला त्याला तिनंच धरलं होतं, आणि लहानपणीही तो रडताना असाच वाकडा बसायचा.

तो रडत नव्हता. वकिलाशी फोनवर बोलत होता.

"सणाच्या दिवशी त्रास देतोय, सॉरी. ...नाही, सही नाही झाली. होणार नाही. ...नाही, थांबा, ऐका ना. दावा मागे घ्यायचा नाहीये. ज्या सभासदांनी मिळून हे केलं म्हणून आपण विरुद्ध पक्षात नावं घातलीत, अध्यक्ष आणि ते दोघं, त्यात आणखी एक घालायचं."

ईव्हेट जिथे होती तिथेच थांबली. तिच्या कोपरावरून मिरचीचं पाणी ओघळत होतं.

"खोलीत होता. बसून राहिला. सगळ्यांना दिसलं. त्यांना असाच एक माणूस हवा होता, आमच्यातलाच, म्हणजे कुणी काही म्हणू शकणार नाही. ...हो, शपथेवर मी सांगेन. ...लिहून घ्या. ल्युसियन. ...हो. तेच आडनाव."

"ब्लेझ," ईव्हेट म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं नव्हतं ते. उलट, जणू तिच्याच बाजूनं काहीतरी करून आलोय, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं, आणि त्यानं तिला जास्त भीती वाटली. तिनं मान हलवली, नको म्हणून. त्यानं हात वर करून तिला थांबायला सांगितलं, पलीकडचा काही विचारत होता.

"नातं?" ब्लेझ म्हणाला. "ते लिहावंच लागतं का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते तिला ऐकू आलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग लिहा. वडील."